घरात टीव्ही आहे का?

२०१० साली बाबांच्या हृदयाची एक झडप बदलायची ठरली, तेव्हा मी दहावीत होते. बाबा नागपूरच्या कळमना मार्केटात हमाल होते. मोसमात संत्र्याच्या पेट्या, एरवी धान्याची पोती. आधी पोतं उचलताना धाप लागायची, मग चपला घालतानाही लागायला लागली. डॉक्टरांनी सांगितलेला खर्च आमचं घर विकूनही निघाला नसता. मग कुणीतरी म्हणालं, अमुक दवाखाना धर्मादाय आहे, तिथे गरिबांसाठी खाटा असतात, समाजसेवावाल्या मॅडमना भेटा.

त्या मॅडमचं टेबल लिफ्टच्या शेजारी होतं. समोर एकच खुर्ची. आई तिच्यावर बसली नाही आणि मलाही बसू दिलं नाही. मॅडम फॉर्म भरत होत्या. घर स्वतःचं की भाड्याचं? छत कशाचं? खाणारी माणसं किती, कमावणारी किती? रेशनकार्ड पिवळं की केशरी? मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "घरात टीव्ही आहे का?"

आई थोडी थांबली. मॅडमकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही जी."

टीव्ही होता. मामानं नवा घेतला तेव्हा जुना एकवीस इंची आम्हाला दिला होता. त्याच्या पडद्यावर डावीकडे एक हिरवा डाग होता, त्यामुळे बातम्या देणाऱ्या प्रत्येकाचा एक कान हिरवा दिसायचा. घरी आल्या आल्या आईनं त्या टीव्हीवर जुनं लुगडं टाकलं. चौकशीला कुणी आलं तर? तीन महिने तो तसाच झाकलेला. कुणी आलं नाही. ऑपरेशन होऊन बाबा घरी आले, भिंतीला टेकून बसले आणि टीव्हीकडे बघून म्हणाले, "याला काय झालं?"

आम्ही हसलो. पण मला त्या मॅडमचा राग आला होता आणि तो बरीच वर्षं टिकला. माझ्या आईला खोटं बोलायला लावणारी बाई, अशी ती माझ्या डोक्यात बसली. बारावीनंतर मी बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला प्रवेश घेतला, त्याचं खरं कारण हे होतं. प्रवेशाच्या मुलाखतीत मात्र मी 'समाजसेवेची आवड' असं सांगितलं. सगळेच तसं सांगतात.

दोन दिवस बाहेर

बीएसडब्ल्यू म्हणजे काय, हे आमच्या वस्तीत कुणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या काकू विचारायच्या, "म्हणजे तू एनजीओ काढणार का?" तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम. वर्गात समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, संशोधन पद्धती असे विषय असतात. त्यांच्या जोडीला समाजकार्याच्या पद्धती असतात: एका माणसाबरोबर करायचं व्यक्तिसहाय्य कार्य, गटाबरोबर करायचं गटकार्य, वस्तीबरोबर करायचं समुदाय संघटन. पण या पदवीचा जीव वर्गात नाही. आठवड्यातले दोन दिवस तुम्हाला वर्गाबाहेर काढतात. त्याला क्षेत्रकार्य म्हणतात. कुणी वस्तीत, कुणी बालगृहात, कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात.

आणि परत आलात की लिहायचं. किती वाजता पोचलात, कुणाला भेटलात, कोण काय बोललं, तुम्ही काय बोललात, ते तसं का बोललात. दर आठवड्याला हा अहवाल सुपरव्हायझरकडे द्यायचा आणि मग त्यांच्यासमोर एकटीनं बसायचं. याला आम्ही 'आयसी' म्हणायचो. अहवालात 'मी त्यांना समजावून सांगितलं' असं वाक्य आलं की आमच्या मॅडम लाल पेननं त्याच्याखाली रेघ मारायच्या आणि विचारायच्या, "त्यांना समजत नव्हतं, हे तुला कशावरून समजलं?"

पहिल्या वर्षी मला हा सगळा छळ वाटायचा. लोकांना मदत करायला आलोय की शुद्धलेखन करायला?

दुसऱ्या वर्षी माझं क्षेत्रकार्य एका धर्मादाय दवाखान्यात लागलं. बाबांचा दवाखाना तो नव्हे, दुसरा. पण टेबल तसंच होतं.

"इकून येऊ काय?"

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात तिथल्या समाजसेवा अधीक्षक मॅडम एका बैठकीला गेल्या होत्या. जाताना फॉर्मचा गठ्ठा माझ्याकडे देऊन म्हणाल्या, माहिती घेऊन ठेव, निर्णय मी आल्यावर घेईन. मी त्यांच्या खुर्चीत बसले. समोरच्या बाकावर काटोलकडची एक बाई होती, चाळिशीची. तिच्या नवऱ्याचा आजार तेव्हाच्या सरकारी आरोग्य योजनेच्या यादीत बसत नव्हता, म्हणून ती इथे आली होती.

मी तिला बसायला सांगितलं. पाणी दिलं. आवाज मऊ ठेवला. वर्गात शिकवलेलं सगळं केलं. आणि एक एक रकाना भरत खाली आले. शेवटून तिसरा प्रश्न मी वाचला तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही की मी काय वाचतेय.

"घरात टीव्ही आहे का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हाय नं. इकून येऊ काय?"

मला काहीच बोलता येईना. मी रकान्यात 'आहे' लिहिलं.

त्या आठवड्याच्या अहवालात मी हा प्रसंग गाळला. मॅडमना वास आला असावा, कारण त्या म्हणाल्या, "मंगळवारी साडेअकरा ते साडेबारा तू काय करत होतीस?" मग मी सांगितलं. बाबांचं, आईचं, लुगड्याचं, सगळंच. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तो प्रश्न तू का विचारलास?"

"फॉर्मवर होता."

"फॉर्म कुणी केला?"

मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग शोध. पुढच्या आठवड्याचा अहवाल त्यावर लिही."

तो अहवाल एका आठवड्यात झाला नाही. आजही तो पूर्ण झाला असं मला वाटत नाही. तुम्ही वाचताय ती त्याचीच आताची प्रत.

लायक गरीब, नालायक गरीब

समाजकार्याचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, पहिल्या काही पानांत १६०१ सालचा इंग्लंडमधला एलिझाबेथ राणीचा गरीबविषयक कायदा येतो. आम्ही तो परीक्षेसाठी पाठ केला होता. गरिबांचे तीन वर्ग: धडधाकट, असमर्थ आणि निराधार मुलं. पाच गुणांचा प्रश्न. आता मी तो पुन्हा वाचला आणि प्रथमच माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही वर्गवारी एका टेबलावर होत असणार. कुणीतरी बसलेलं आणि कुणीतरी उभं.

या कायद्यानं प्रत्येक परगण्याला आपल्या गरिबांची जबाबदारी दिली, त्यासाठी कर बसवला. हे त्या काळाच्या मानानं मोठं पाऊल होतं. पण कर भरणाऱ्यांना लगेच प्रश्न पडला, की घेणारा खरोखर लायक आहे का? १६९७ च्या कायद्यानं मदत घेणाऱ्यांना उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचं 'पी' हे अक्षर लावायला सांगितलं. पॉपर, म्हणजे कंगाल. १८३४ च्या कायद्यानं ठरवलं, की मदत हवी असेल तर वर्कहाऊसमध्ये या. आणि तिथलं जिणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही वाईट असलं पाहिजे, नाहीतर सगळेच आत येतील.

१८६९ मध्ये लंडनमध्ये चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी स्थापन झाली. शहरात दानधर्म करणाऱ्या संस्था उदंड होत्या आणि एकाच घराला चार ठिकाणांहून मदत मिळते, अशी तक्रार होती. सोसायटीनं घरोघर चौकशी करणारे पाठवले, प्रत्येक कुटुंबाची नोंद ठेवली. त्यांना 'स्नेही भेटकर्ते' म्हणत. ते स्नेहानं यायचे आणि घरात काय काय आहे ते बघून जायचे. आईनं लुगड्यानं टीव्ही झाकला तो अशाच कुणासाठी. फक्त तो यायला १४० वर्षं उशीर झाला होता.

पण याच चौकशीतून एक वेगळी बाई पुढे आली. मेरी रिचमंड अमेरिकेतल्या बाल्टिमोरची. लहानपणीच पोरकी झालेली, आजीनं ओढगस्तीत वाढवलेली. १८८९ मध्ये ती तिथल्या चॅरिटी सोसायटीत सहायक खजिनदार म्हणून लागली. म्हणजे तिनं गरिबी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली होती. १८९७ मध्ये तिनं एका परिषदेत मागणी केली, की या कामासाठी शिक्षण देणारी शाळा हवी; चांगलं मन पुरेसं नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. १८९९ मध्ये ॲमस्टरडॅमला समाजकार्याची पूर्ण वेळ शाळा सुरू झाली. १९१७ मध्ये रिचमंडचं 'सोशल डायग्नोसिस' हे जाडजूड पुस्तक आलं. चौकशी कशी करावी, याचंच ते पुस्तक. पण त्यात तिनं चौकशीचा हेतू बदलायचा प्रयत्न केला. चोर पकडायला निघाल्यासारखं विचारू नका, माणूस कुठल्या परिस्थितीत अडकलाय ते कळायला विचारा. आमच्या मॅडमची लाल रेघ तिथून आलेली आहे.

कचरा कोण उचलतं?

याच सुमाराला दुसऱ्या काही लोकांनी टेबलच नको म्हटलं. १८८४ मध्ये लंडनच्या गरीब ईस्ट एंड भागात टॉयन्बी हॉल उभा राहिला. विद्यापीठात शिकलेली मुलं तिथे राहायला गेली. तो पाहून आलेल्या जेन ॲडम्सनं १८८९ मध्ये एलन स्टार या मैत्रिणीबरोबर शिकागोत स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाऊस सुरू केलं. भेट देऊन परत यायचं नाही, शेजारी म्हणून राहायचं. शेजारी राहिल्यावर प्रश्न बदलतात. या मुलाला सारखा ताप का येतो, याचं उत्तर त्याच्या आईच्या स्वच्छतेच्या सवयीत नसून गल्लीत साचलेल्या कचऱ्यात आहे, हे दिसायला लागतं. १८९५ मध्ये जेन ॲडम्स स्वतः त्या वॉर्डाची कचरा निरीक्षक झाली आणि भल्या पहाटे कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरू लागली. पुढे, १९३१ मध्ये, तिला शांततेचं नोबेल मिळालं. मला मात्र ती कचरा निरीक्षकच जास्त आवडते.

शिकागोचा हा धागा सरळ मुंबईत येतो. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी मुंबईत आले. दोनेक वर्षांत भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहूड हाऊस उभं राहिलं. गिरणी कामगार, गोदी कामगार, दाटीवाटीच्या चाळी, सगळ्या धर्मांचे लोक. त्यांच्या शेजारात एक घर, जिथे दवाखाना, वाचनालय, खेळ, वर्ग चालायचे.

जून १९३२ मध्ये सर दोराबजी टाटा वारले. त्यांच्या संपत्तीतून झालेल्या ट्रस्टनं पैसा कसा खर्चावा, यावर मॅनशार्टांचा सल्ला घेतला गेला. त्यातून १९३६ मध्ये त्याच नागपाडा हाऊसमध्ये 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झालं. भारतातली समाजकार्याची पहिली शाळा. दोन वर्षांची पदविका, पदवीधरांसाठी, इंग्रजीतून. वीसेक विद्यार्थी. १९४४ मध्ये तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि १९५४ मध्ये ती देवनारला गेली. आज तुम्ही आम्ही तिला 'टिस' म्हणतो.

या शिक्षणाला नोकऱ्याही लवकर मिळाल्या. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्तीची नेमणूक झाली. १९४८ च्या कारखाने कायद्यानं ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. म्हणजे एक टेबल दवाखान्यात गेलं, एक कारखान्यात. तरी आजही डॉक्टर, वकील, नर्स यांना असते तशी कायद्यानं स्थापलेली परिषद भारतात समाजकार्याला नाही.

बोटीवरून आलेलं पत्र

हा इतिहास वाचताना मला एक गोष्ट टोचत राहिली. सगळं लंडन, न्यूयॉर्क, शिकागो. मग आपल्याकडे काय चाललं होतं?

बरंच काही. १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केलं. १९११ मध्ये ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रशाळा आणि फिरती वाचनालयं चालवली आणि पुढे त्यांनीच कामगार संघटना बांधल्या. हे सगळं आम्हाला 'भारतीय समाजसुधारक' या वेगळ्या धड्यात होतं. जणू ते समाजकार्य नव्हतं, त्याच्या आधीचं काहीतरी होतं.

ग्रंथालयात एके दिवशी मला डॉ. आंबेडकरांचं एक पत्र सापडलं. आमच्या अभ्यासक्रमात ते नव्हतं. नोव्हेंबर १९३२. पुणे करार होऊन दोन महिने झालेले. बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघालेले, आणि बोटीवरून त्यांनी अ. वि. ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा यांना लिहिलंय. ठक्करबाप्पा ज्या अस्पृश्यता निवारण संघाचे सचिव होते, त्याचं पुढे हरिजन सेवक संघ झालं. त्या संघानं काम कसं करावं, हा पत्राचा विषय.

बाबासाहेब दोन वाटा मांडतात. एक वाट म्हणते, माणूस हलाखीत आहे तो स्वतःच्या वागण्यामुळे. मग त्याला सद्गुण शिकवा, दारू सोडवा, वाचनालय काढा. दुसरी वाट म्हणते, माणसाचं नशीब त्याच्या भोवतीच्या परिस्थितीनं ठरतं. मग विहीर, शाळा, रस्ता, रोजगार यांवरचा त्याचा हक्क मिळवायला झगडा. संघानं दुसरी वाट धरावी, असं ते सांगतात. आणि शेवटी एक मुद्दा येतो तो कार्यकर्त्यांचा: हे काम करणारी माणसं शक्यतो याच समाजांतून घ्या. तिथेही लबाड निघतील, हे ते मान्य करतात. पण आपल्या माणसांसाठी राबणारा ते प्रेमानं करेल, असा त्यांचा भरवसा आहे.

मी ते पत्र वाचलं आणि वर्गात जाऊन बसले. आजूबाजूला पाहिलं. माझ्या बाकावर गडचिरोलीची एक गोंड मुलगी. मागे वर्ध्याकडच्या शेतमजुराचा मुलगा, त्याच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला तो पहिला. पलीकडे पालावर वाढलेला एक मुलगा, ज्याला जातीचा दाखला काढायला दोन वर्षं लागली होती. आम्ही सगळे मराठीतून शिकत होतो.

हे आपोआप झालेलं नाही. मुंबईत १९५५ मध्ये निर्मला निकेतन, पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाजसेवा संस्था, नागपुरात मातृ सेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय, आणि मग हळूहळू विदर्भात, खानदेशात जिल्ह्याजिल्ह्याला समाजकार्य महाविद्यालयं निघाली. बारावीनंतर थेट करता येणारी पदवी आली. गंमत म्हणजे यातली अनुदानित महाविद्यालयं उच्च शिक्षण खात्याकडे नाहीत, सामाजिक न्याय विभागाकडे आहेत. या महाविद्यालयांना लोक अनेकदा नाकं मुरडतात. इंग्रजी नाही, संशोधन नाही, प्लेसमेंट नाही. त्यातलं काही खरंही आहे. पण १९३६ साली नागपाड्यात ज्यांच्यासाठी शाळा निघाली, त्यांची नातवंडं-पतवंडं आता वर्गात बसली होती. टेबलाच्या समोरची माणसं टेबलामागे यायला लागली होती.

आणि तरीही मी तो प्रश्न विचारलाच होता. नुसतं टेबलामागे येणं पुरत नाही, हे मला काटोलकडच्या त्या बाईनं शिकवलं.

शेवटून तिसरा प्रश्न

मग फॉर्म कुणी केला?

मी नियम वाचायला घेतले. धर्मादाय रुग्णालयांची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानं आली. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली सवलती घेणाऱ्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकायची. पात्रतेला पुरावा काय? तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेचं कार्ड. मी दोनदा वाचलं, तिनदा वाचलं.

त्यात टीव्ही नव्हता.

टीव्ही सापडला तो दुसरीकडे. ग्रामीण भागातली गरीब कुटुंबं ठरवायला २००२ मध्ये जी दारिद्र्यरेषेची पाहणी झाली, तिच्यात १३ प्रश्न होते आणि प्रत्येकाला गुण. त्यातला एक प्रश्न घरातल्या वस्तूंचा: टीव्ही, पंखा वगैरे. गुण जास्त, तर गरिबी कमी. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत कुटुंबांना वगळायच्या निकषांत फ्रिज होता, लँडलाइन फोन होता, दुचाकी होती, टीव्ही नव्हता. म्हणजे सरकारनंही तो सोडून दिला होता. पण आमच्या टेबलावरच्या फॉर्मवर तो राहून गेला. नीट पाहिलं तर तो छापलेलाही नव्हता. कुणीतरी कधीतरी हातानं लिहून घातला होता, आणि मग त्या कागदाच्या झेरॉक्सवर झेरॉक्स निघत गेल्या होत्या.

मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता अहवाल झाला." आणि दवाखान्यातल्या अधीक्षक मॅडमकडे मला घेऊन गेल्या. त्या बाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. पण एक सांग, आज माझ्याकडे दोन खाटा आहेत आणि सात फाइली आहेत. सातही जणांकडे दाखले आहेत. मी काय विचारू?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. काटोलकडच्या बाईच्या नवऱ्याला खाट मिळाली, दाखला होता म्हणून. उरलेल्या पाच जणांना मिळाली नाही. टेबलावर बसणारी बाई दुष्ट असते म्हणून प्रश्न दुष्ट होत नाही. खाटा कमी असतात आणि कमी का आहेत हे विचारायची जागा फॉर्मवर नसते, म्हणून समोरच्यालाच विचारलं जातं. रिचमंडची चौकशी आणि जेन ॲडम्सची कचऱ्याची गाडी, दोन्ही एकाच पदवीत का शिकवतात, ते मला त्या दिवशी कळलं. समोरच्या माणसाचं नीट ऐकायचं, आणि खाटा किती भरल्या, किती रिकाम्या ठेवल्या, निधी कुठे गेला, याचा हिशेब वर मागायचा. यातलं एकच केलं तर आपण कारकून होतो किंवा नुसतेच भाषण देणारे.

आईनं सांगितलेलं

पदवीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी आईला हे सगळं सांगत होते. १६०१ पासून. ती भाजी निवडत होती. मी त्या पहिल्या मॅडमवर आले, लिफ्टशेजारच्या, आणि माझा आवाज चढला.

आई म्हणाली, "तिला काही बोलू नको."

"का?"

"तू पाणी प्यायला गेली होती नं तवा, तिनंच सांगितलं मले. म्हणे, ताई, मी टीव्हीचं विचारीन तर नाही म्हणा. मोठे साहेब फॉर्म पाहतात."

मी गप्प बसले. पाच-सहा वर्षं जिच्या रागावर मी शिकले, ती बाई आमच्या बाजूची होती. मान वर न करता तिनं विचारलं होतं, ते कदाचित आईला खोटं बोलताना बघायचं नव्हतं म्हणून.

नंतर पुष्कळ दिवस मी याच्यावर विचार केला. तिचे उपकार आहेतच. बाबा आजही आहेत. पण आमचं नशीब की ती भेटली. त्या दिवशी तिची सुट्टी असती तर? तिच्या जागी नियमानं वागणारा कुणी असता तर? बाबासाहेबांच्या पत्रातला हक्क आणि आम्हाला मिळालेली मेहेरबानी यांत एवढंच अंतर आहे: एका बाईच्या सुट्टीचं. चांगली माणसं टेबलामागे असणं मोठी गोष्ट आहे. पण कुणालाच खोटं बोलावं लागू नये, असा फॉर्म असणं त्याहून मोठी.

आता मीही एका दवाखान्यात तसंच टेबल सांभाळते. समोर दोन खुर्च्या आहेत. खाटा अजूनही पुरत नाहीत. आठवड्यातून निदान एकदा कुणाला तरी 'नाही' म्हणावं लागतं, आणि ते मी डोळ्यांत बघून म्हणते, मग दुसरीकडे कुठे जाता येईल ते कागदावर लिहून देते. किती खाटा भरल्या, याचा तक्ता दर महिन्याला वर पाठवते. तक्ता आला नाही म्हणून आजवर कुणी विचारलेलं नाही, पण मी पाठवते.

इथल्याही फॉर्मवर टीव्ही होता. तो काढायला आठ महिने आणि चार पत्रं लागली. जुन्या फॉर्मचे गठ्ठे उरले होते. फेकून कशाला द्यायचे, म्हणून त्यांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही टोकन नंबर लिहून देतो.

परवा एक आजोबा टोकन उलटं करून वाचत बसले होते. त्यांचा नंबर आला तसे ते उठून आले आणि कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "मॅडम, यात टीव्हीचं विचारलंय. सांगायचं काय?"

"नाही काका," मी म्हटलं, "बसा तुम्ही."